‘स्ट्यूपर’चा अर्थ नुसता ‘बेशुद्धी’ देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुमच्या इंग्रजी शब्दांच्या सदरात ‘स्ट्यूपर’ हा शब्द घेतला होता, त्याच्यापुढे ‘बेशुद्धी, मूर्च्छा, गुंगी’ असे तीन अर्थ एका ओळीत दिले होते आणि खाली ‘तो दारूच्या नशेत बेशुद्ध पडला’ असं वाक्य होतं. मी हे सदर दर आठवड्याला वाचते, आवडलेल्या शब्दांची कात्रणं पण ठेवते, त्यामुळे चूक काढायची म्हणून लिहीत नाहीये. पण एकोणतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, त्यातली बरीचशी आयसीयूमध्ये, आणि हा शब्द केसपेपरवर इतक्या वेळा वाचलाय, नातेवाईकांना त्याचा अर्थ इतक्या वेळा समजावून सांगितलाय की ती ओळ वाचल्यावर गप्प बसवेना. पत्र लांबलंय. जागा नसेल तर कापा, फक्त माणसाला उठवण्याबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा.

आधी मुद्द्याचं. बेशुद्ध माणूस काहीही केलं तरी डोळे उघडत नाही. स्ट्यूपरमधला माणूस उघडतो. पण त्यासाठी त्याला जोरात हाका माराव्या लागतात, खांद्याला धरून गदागदा हलवावं लागतं, कधी चिमटा काढावा लागतो, आणि तुम्ही थांबलात की दोन-चार सेकंदात तो परत होता तिथे जातो. डोळे उघडले म्हणजे जागा झाला असंही नाही, नुसता हुंकार देतो, तुमचा हात झटकतो, ‘नको’ असा एखादा शब्द तोंडातून येतो, नाव विचारलं तर कधी सांगतो कधी नाही, आणि पापण्या मिटतात. या विषयावरचं जे पुस्तक न्यूरॉलॉजीत प्रमाण मानतात, फ्रेड प्लम आणि जेरोम पोझनर या दोन डॉक्टरांचं १९६६ सालचं, त्याच्या नावातच स्ट्यूपर आणि कोमा असे दोन वेगळे शब्द आहेत आणि त्यांची स्ट्यूपरची व्याख्या सगळी उठवण्यावरच उभी आहे, म्हणजे जोरात आणि सतत उठवत राहिलं तरच जो जागा होतो तो. या ‘सतत’ला फार महत्त्व आहे. झोपलेला माणूस एकदा उठवला की उठलेला राहतो, कुरकुर करेल पण बोलेल, उठून बसेल. स्ट्यूपरमधला राहत नाही.

वॉर्डात आम्ही पायऱ्या धरायचो. पहिला पूर्ण जागा. मग ड्राउझी, म्हणजे नुसत्या हाकेने डोळे उघडतो, नीट उत्तर देतो, पण एकटा सोडला की पेंगायला लागतो. त्याच्या खाली स्ट्यूपर. आणि सगळ्यात खाली कोमा, जिथे चिमटा काढला तरी डोळे उघडत नाहीत. ड्राउझी आणि स्ट्यूपरच्या मध्ये एक ऑबटंडेड म्हणून पायरी पण काही डॉक्टर लिहितात, पण ती कुठे सुरू होते कुठे संपते यावर दोघांचं एकमत मी क्वचितच बघितलं. या पायऱ्या एका जागी थांबत नाहीत, हे घरच्यांना समजत नाही आणि त्यांचा काही दोष नाही, कारण कोणी सांगितलेलंच नसतं. सकाळी ड्राउझी असलेला माणूस दुपारी स्ट्यूपरमध्ये आणि संध्याकाळी कोमात गेलेला मी पाहिलाय आणि घरचे मला सांगत होते की सकाळपासून छान झोपलेत, दोन रात्री झोप नव्हती ना त्यांना.

हा गैरसमज हॉस्पिटलच्या आत सुद्धा होतो. एका रात्री मी ड्युटीवर आले तेव्हा ओव्हर देताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट ताब्यात घेताना, मला सांगितलं गेलं की अमुक बेडचा पेशंट शांत झोपलाय, काही प्रॉब्लेम नाही. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही, हे कुठेही होऊ शकतं. डायबेटिसचे आजोबा होते, इन्सुलिनवर. मी राउंड घेताना नाव घेऊन हाक मारली, हुं नाही. हात लावला तर अंग घामाने भिजलेलं आणि गार. जोरात हलवलं तर डोळे उघडले, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं पण बघितलं नाही, काहीतरी पुटपुटले आणि परत गेले. बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली तर ३८. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत आजोबा विचारतायत की तुम्ही सगळे इथे का जमलात. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो, कारण ‘झोपलाय’ या एका शब्दावर विसंबून मी पुढच्या बेडकडे गेले असते तर सकाळपर्यंत काय झालं असतं याचा विचार करवत नाही. शुगर ७० च्या खाली गेली की कमी म्हणायची, ५४ च्या खाली गेली की धोक्याची, आणि ३८ ला मेंदूला जे लागतं तेच मिळत नसतं. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के पण ऑक्सिजन तो सुमारे २० टक्के खातो, त्यामुळे पुरवठ्यात खंड पडला की पहिली तक्रार त्याचीच, आणि ती तक्रार कितीतरी वेळा अशी झोपेसारखी दिसते. ओरडणारा, दुखतंय म्हणणारा पेशंट आपलं लक्ष वेधून घेतो, हा वेधत नाही.

आता उठवण्याबद्दल, कारण यावरून नातेवाईकांशी माझी सगळ्यात जास्त वादावादी झालीय. डॉक्टर येतात, पेशंटच्या छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासतात, किंवा नखाच्या मुळाशी पेनने दाबतात, किंवा मानेजवळचा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून पिळतात, आणि बाजूला उभी असलेली मुलगी रडायला लागते की आधीच एवढे आजारी आहेत आणि तुम्ही त्यांना दुखवताय. तिचं बरोबर आहे, बघवत नाही. पण माणूस किती खोल गेलाय हे मोजायचं दुसरं साधन तिथे बेडजवळ नसतं. सीटी स्कॅन मेंदूत रक्त आहे का ते सांगेल, रिपोर्ट सोडियम किती ते सांगतील, पण आत्ता या क्षणी हा किती जागा आहे ते तुम्ही त्याला काय केल्यावर तो काय करतो यावरूनच कळतं. आणि तो काय करतो यात पण फरक असतो, चिमटा काढणारा हात शोधून बाजूला सारतो की नुसता आपला हात मागे ओढून घेतो की हातपाय विचित्र ताठ होतात, हे प्रत्येक वेगळं लिहायचं असतं.

ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोघांनी १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जी ग्लासगो कोमा स्केल मांडली, जिला आम्ही सगळे जीसीएस म्हणतो, ती याच अडचणीतून आली. स्ट्यूपर, सेमीकोमा असले शब्द एक डॉक्टर एका अर्थाने लिहायचा, दुसरा दुसऱ्या, त्यामुळे पेशंट कालपेक्षा सुधारलाय की बिघडलाय ते कागद वाचून कळायचं नाही. त्यांनी शब्द बाजूला ठेवले आणि तीन गोष्टी बघायला सांगितल्या, डोळे कशाने उघडतात, बोलतो काय, हात-पाय कसे हलवतो. आजच्या स्केलमध्ये डोळ्यांना जास्तीत जास्त ४, बोलण्याला ५, हालचालीला ६, एकूण १५, आणि काहीच नसलं तरी ३, शून्य कधीच नसतो. ८ किंवा त्याच्या खाली आला की आमची धावपळ सुरू, कारण अशा वेळी स्वतःचा श्वासाचा मार्ग माणूस सांभाळू शकेल याची खात्री राहत नाही. म्हणजे बघा, ज्या शब्दाचा तुम्ही तीन शब्दांत अर्थ दिलात तो शब्द डॉक्टरांना सुद्धा इतका निसरडा वाटला की त्यांनी आकडे काढले. तरी शब्द गेला नाही, अजूनही केसपेपरवर ‘पेशंट स्ट्यूपरस’ असं लिहिलेलं येतं आणि घरी गेल्यावर मुलगा मोबाइलवर डिक्शनरी उघडून त्याचा अर्थ बघतो. म्हणून त्याला तिथे काय मिळतं हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता तुमचे तीन अर्थ एकेक करून घेते.

बेशुद्धी. ‘बे’ फारसीतला आणि ‘शुद्ध’ आपली, दोन्ही मिळून केलेला हा शब्द मराठीत सगळ्यालाच लावतात, चक्कर येऊन पडला तरी बेशुद्ध, भूल दिली तरी बेशुद्ध, कोमात गेला तरी बेशुद्ध. बोलताना चालतं, पण अर्थ म्हणून देताना नाही, कारण शुद्ध असणं आणि नसणं असे दोनच खण करून ठेवले की मधला माणूस कुठे ठेवायचा? आणि स्ट्यूपर हा मधल्याच माणसाचा शब्द आहे. घरचे हेच करतात, हलवल्यावर डोळे उघडले ना, मग शुद्धीत आहेत, मग काळजी नाही. फोनवर डॉक्टर विचारतात शुद्धीत आहेत का, हे सांगतात हो आहेत. दोघेही आपापल्या परीने खरं बोलत असतात आणि पेशंटचे दोन तास जातात.

मूर्च्छा तर अगदीच वेगळी. उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस खाली कोसळतो, आडवा झाला की मेंदूला रक्त परत मिळतं आणि मिनिटाभरात ‘मला काय झालं होतं’ म्हणत उठून बसतो. तिचं कारण बहुतेक वेळा रक्तदाब आणि हृदयाकडे असतं. स्ट्यूपर असा मिनिटात येऊन जात नाही. आणि ही गोष्ट काही पश्चिमेकडून आलेली नाही, चरकसंहितेत मद, मूर्च्छा आणि संन्यास (इथे वैराग्य नव्हे, सगळ्यात खोल अवस्था) असे तीन प्रकार एकापुढे एक सांगितलेत आणि त्यातला फरक पण स्पष्ट केलाय की पहिले दोन दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधाशिवाय जात नाही. हे मला एका आयुर्वेदाच्या वैद्यबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी थक्क झाले होते, कारण आपोआप जाईल का नाही हाच तर प्रश्न आम्ही रोज बेडजवळ उभं राहून स्वतःला विचारायचो. आजच्या पायऱ्या आणि त्यांचे शब्द एकास एक जुळवू नयेत हे कबूल, पण सगळ्याला मूर्च्छा म्हणायचं नसतं एवढं तरी आपल्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे.

गुंगी त्यातल्या त्यात जवळचा. पण मराठीत गुंगी कोणीतरी दिलेली असते किंवा औषधाची असते, गुंगीचं औषध देऊन लुटलं असं आपण वाचतो, ऑपरेशननंतर अजून गुंगीत आहे म्हणतो, म्हणजे ती उतरणार हे त्या शब्दात गृहीत धरलेलं आहे. ज्याचं लिव्हर निकामी झालंय आणि त्यामुळे मेंदूवर परिणाम होऊन तो असा पडलाय त्याला गुंगीत आहे म्हटलं तर ऐकणारा निवांत होतो. आणि तो निवांत व्हायला नको असतो.

तंद्री पण सुचवतात काही लोक, डिक्शनऱ्यांमध्ये सापडतो. संस्कृतात तंद्रा म्हणजे खरंच पेंग, जडपणा, पण मराठीत तंद्री लागते ती विचारात किंवा गाण्यात, तंद्रीत बस चुकते. तो शब्द आता हॉस्पिटलच्या कामाचा राहिला नाही. झापड मला आवडतो, डोळ्यांवर झापड येते हे ड्राउझीला अगदी फिट बसतं, ऐकूनच पापण्या जड होतात, पण त्याच्या पुढच्या पायरीला तो कमी पडतो. आणि तापात असंबद्ध बडबड करतो त्याला जुनी माणसं वात झालाय म्हणायची, ती डिलिरियम, ते आणखी वेगळं. डिलिरियमचा उगम फार सुंदर आहे, लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराची सरी आणि सरी सोडून भलतीकडे गेलेला तो डिलिरियममधला. शेत नांगरलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला एक मिनिट लागत नाही.

मग माझं म्हणणं काय, तर ग्लानी. संस्कृतात ग्लानी म्हणजे थकून जाणं, कोमेजणं, क्षीण होणं, गीतेतल्या धर्माच्या ग्लानीमुळे तो शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावर आहे. मराठीत तो आजाऱ्याच्या त्या अवस्थेवर येऊन स्थिरावलाय जिथे माणूस पूर्ण गेलेला नाही आणि पूर्ण इथेही नाही, ‘पेशंट ग्लानीत आहे’ असं मराठीत बोलणारे डॉक्टर सहज म्हणतात आणि नातेवाईकाच्या चेहऱ्यावरून कळतं की त्याला गांभीर्य समजलं. कोणी म्हणेल तापात थोडी ग्लानी आली असंही आपण म्हणतो, हलक्या अर्थाने. बरोबर आहे, म्हणून मी ‘गाढ ग्लानी’ सुचवते. आणि शब्द कुठलाही घ्या, त्याच्याबरोबर उठवण्याची खूण द्या, ती नसेल तर कुठलाच मराठी शब्द पुरा पडणार नाही.

शब्दाच्या मुळाबद्दल सदरात एक ओळ पण नव्हती, तिथे तर खरी मजा होती. लॅटिनमध्ये ‘स्टुपेरे’ म्हणजे जोरात फटका बसल्यासारखं जागच्या जागी थिजणं, मग ते भीतीने असो नाहीतर आश्चर्याने. भाषेचे अभ्यासक त्याला मारणे, ढकलणे या अर्थाच्या एका फार जुन्या धातूकडे नेतात आणि आपल्या संस्कृतातला ‘तुद्’ म्हणजे टोचणे, प्रहार करणे हाही त्याच घराण्यातला मानतात. म्हणजे स्ट्यूपरच्या पोटात झोप नाही, फटका आहे. त्यामुळेच तेराव्या शतकात मॅथ्यू पॅरिस नावाच्या इंग्लंडमधल्या एका साधू इतिहासकाराने सम्राट दुसरा फ्रेडरिक, ११९४ ते १२५० मधला, याला ‘स्टुपॉर मुंडी’ म्हटलं तेव्हा त्याला शिवी द्यायची नव्हती, जगाला थक्क करून सोडणारा असं म्हणायचं होतं. ‘स्टुपेंडस’ म्हणजे अचाट, हा त्याच शब्दाचा भाऊ. आणि ‘स्टुपिड’ पण त्याच मुळाचा, मूळचा अर्थ फटका बसून बधिर झालेला, मग हळूहळू डोकं न चालणारा, मग मूर्ख. हे सांगायला हवं कारण मी एक मुलगा पाहिलाय ज्याने वडिलांच्या डिस्चार्ज कार्डवर हा शब्द वाचून मला विचारलं होतं की सिस्टर, डॉक्टरांनी बाबांना मठ्ठ लिहिलंय का. फार दुखावला होता तो. त्याला नीट सांगितल्यावर शांत झाला, पण प्रत्येकाला विचारायला सिस्टर मिळत नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारा एक प्रवास ‘सुन्न’चा आहे, शून्यावरून आलेला. घरात मृत्यू झाला की माणूस सुन्न बसतो, हाक ऐकू येते पण आत पोचत नाही, इंग्रजी लेखक ज्याला दुःखाचा स्ट्यूपर म्हणतात तो हाच. तिथे ग्लानी चालणार नाही आणि बेशुद्धी तर अजिबात नाही, तिथे सुन्नच हवं. म्हणजे हा एक इंग्रजी शब्द मराठीत किमान दोन शब्द मागतो, शरीराला ग्लानी आणि मनाला सुन्नपणा.

तुमच्या दारूच्या वाक्याकडे येते. इंग्रजी बातम्यांमध्ये ‘ड्रंकन स्ट्यूपर’ हा जोडशब्द सर्रास येतो आणि बरेचदा चुकीचा येतो, ड्रंकन स्ट्यूपरमध्ये त्याने गाडी चालवली, ड्रंकन स्ट्यूपरमध्ये मारहाण केली. ज्याला खरा स्ट्यूपर आलाय तो गाडीची किल्ली सुद्धा धरू शकणार नाही हो. तिथे त्यांना नुसतं दारूच्या नशेत म्हणायचं असतं, आणि आपले लोक त्याचं भाषांतर दारूच्या धुंदीत करतात, तेही धड नाही कारण धुंदीत माणूस गातो, भांडतो, रस्त्यात नाचतो. दारूने खरा स्ट्यूपर येतो तेव्हा तो निपचित पडलेला असतो. निपचित हा शब्द किती नेमका आहे बघा.

आणि इथे शब्दाच्या चुकीने जीव जातो असं मी म्हटलं तर ते वाढवून सांगणं नाही. ‘पडू दे, झोपला की उतरेल’ हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय, तेही माणूस गेल्यावर. शेवटचा पेला झाल्यानंतर सुद्धा पोटातली दारू रक्तात जात राहते, म्हणजे झोपवला तेव्हा होता त्यापेक्षा तासाभराने तो जास्त खोल गेलेला असू शकतो. त्यात तो उताणा असेल आणि उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते, कारण ठसका लागून बाहेर टाकायची जी सवय शरीराला असते तीच बोथट झालेली असते. कॉफी, गार पाणी, थंड शॉवर याने दारू उतरत नाही. हाका मारून, हलवून, चिमटा काढून बघा, नीट उठून बोलत नसेल तर एका कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा म्हणजे पालथा पडणार नाही, तोंड थोडं खालच्या बाजूला राहील असं बघा, जवळ कोणीतरी बसा आणि रुग्णवाहिका बोलवा. श्वास मिनिटाला ८ पेक्षा कमी पडायला लागले किंवा ओठ निळसर दिसले तर एक मिनिट सुद्धा थांबू नका. तोंडात पाणी, सरबत, औषध काही म्हणजे काही घालू नका, गिळता येत नाही त्याला. हे दारूलाच नाही, कुठल्याही कारणाने ग्लानीत असलेल्या माणसाला लागू आहे.

कारणं खूप आहेत आणि सगळी सांगत बसले तर पुस्तक होईल. वयस्कर माणसांमध्ये सोडियम कमी होणं मी सगळ्यात जास्त बघितलं, १३५ ते १४५ मध्ये असायला हवं ते ११०–११५ वर आलेलं असतं आणि घरचे सांगतात चार दिवस जरा गप्प गप्प होते. झोपेच्या गोळ्या, अफूच्या जातीची वेदनाशामक औषधं, ज्यात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंदावतो. बंद खोलीत शेगडी किंवा जनरेटर, त्याचा कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वास नसतो. मेंदूज्वर. उष्माघात, ज्यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. फिट येऊन गेल्यानंतरची ग्लानी, ती बहुतेक वेळा उतरते, पण बराच वेळ उतरलीच नाही तर आत अजून फिट चालू असू शकते, बाहेरून झटके दिसत नाहीत.

डोक्याला मार लागल्याचं मात्र वेगळं सांगते. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साठत असेल तर कधीकधी माणूस पडल्यावर जरा वेळ बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, घरी चालत येतो, सगळे म्हणतात वाचला, आणि काही तासांनी म्हणतो डोकं दुखतंय, जरा पडतो. ते पडणं म्हणजे ग्लानीची सुरुवात असते. मधल्या त्या चांगल्या तासांमुळेच फसगत होते.

हे सगळं एकसारखं का दिसतं याचं उत्तर मेंदूच्या देठात आहे. १९४९ मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की मेंदूच्या देठातल्या पेशींच्या एका जाळ्याला चेतवलं की सगळा मेंदू जागा होतो. जाग ही तिथून वर पाठवली जाते. ते जाळं बिघडलं, किंवा वरचे मेंदूचे दोन्ही अर्धे एकदम मंदावले, तर माणूस ग्लानीत जातो. म्हणून एका बाजूचा अर्धांग झालेला माणूस बोलू शकला नाही तरी सहसा जागा असतो, आणि तो जर झोपाळू व्हायला लागला तर आत सूज वाढतेय म्हणून आम्ही घाबरतो.

आता एक बाजू जी सदरात येणं शक्यच नव्हतं पण माझ्या मनात सगळ्यात खोल बसलीय. मानसोपचारात पण स्ट्यूपर आहे आणि तो वरच्या सगळ्याच्या उलटा आहे. एक तरुण मुलगी आणली होती, डोळे टक्क उघडे, बोलत नाही, खात नाही, कुशी बदलत नाही, हात वर करून ठेवला तर तसाच वर राहतो. घरचे आधी म्हणाले नाटक करतेय, मग म्हणाले बेशुद्ध आहे. ती दोन्ही नव्हती. याला कॅटाटोनिया म्हणतात, जर्मन मानसोपचारतज्ज्ञ कार्ल कालबाउमने १८७४ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, आणि आजच्या निदानाच्या १२ लक्षणांच्या यादीत स्ट्यूपर आहे. तिला लोराझेपाम या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन दिलं आणि तासाभरात तिने पाणी मागितलं. सगळ्यांना इतका लवकर गुण येत नाही, काहींना विजेचे उपचार लागतात, पण बहुतेकांना येतो. नंतर तिने आम्हाला तिच्या बेडजवळ कोण काय बोललं होतं ते शब्द न् शब्द सांगितलं. काकू काय म्हणाल्या तेही. त्या दिवसानंतर मी कुठल्याही पेशंटच्या उशाशी, तो कोमात आहे असं लिहिलेलं असलं तरी, वावगं बोलले नाही आणि कोणाला बोलू दिलं नाही. या स्ट्यूपरला ग्लानी म्हणता येणार नाही, त्याला मी स्तब्धता म्हणेन.

तेव्हा माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा आणि अशी छापा: स्ट्यूपर, नाम. गाढ ग्लानी, जोरात हाका मारून आणि हलवून उठवलं तरच थोडा वेळ डोळे उघडतात आणि सोडलं की परत मिटतात अशी अवस्था. दुसरा अर्थ, दुःखाने किंवा धक्क्याने आलेला सुन्नपणा. मानसोपचारात, जागेपणीची स्तब्धता. विशेषण स्ट्यूपरस. आणि वाक्य हे घ्या: ‘आजोबा झोपलेत असं वाटत होतं, पण हलवून हलवून उठवलं तरी ते परत परत ग्लानीत जात होते, म्हणून त्यांना लगेच हॉस्पिटलमध्ये नेलं.’

आपली,
एक नियमित वाचक, निवृत्त परिचारिका